रोहित्राचा गाभा आणि लोखंडातील सरकत्या भिंती

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमावर्ती पट्ट्यात, म्हणजे औराद, भालकी, बसवकल्याण व आळंद या तालुक्यांत, तसेच त्यांना लागून असलेल्या देवणी, निलंगा, उमरगा व अक्कलकोट या तालुक्यांत ज्याच्या शिवारात खांबांवर रोहित्र बसविलेले नाही असे गाव आज क्वचितच आढळेल. महाराष्ट्राच्या बाजूस लोक त्यास ‘डीपी’ म्हणतात, कर्नाटकाच्या बाजूस ‘टीसी’ म्हणतात. एका बाजूची व्यवस्था २००५ पासून महावितरण कंपनीकडे आहे, तर दुसऱ्या बाजूची २००२ मध्ये स्थापन झालेल्या गुलबर्गा वीजपुरवठा कंपनीकडे. नावे व मालक वेगळे असले तरी पेटीच्या आतील यंत्र एकच होय. ११,००० व्होल्टचा दाब उतरवून तो पंपासाठी सुमारे ४०० व घरासाठी सुमारे २३० व्होल्टवर आणणे, हे त्याचे कार्य.

रात्री सर्व पंप बंद असताना रोहित्राजवळून जाणाऱ्यास एक मंद, अखंड गुणगुण ऐकू येते. दिवे मालवलेले, पंप थांबलेले, तरीही यंत्र जागेच असते. ही गुणगुण म्हणजे गाभ्यातील लोखंडी पत्र्यांची, दर सेकंदास १०० वेळा होणारी अतिसूक्ष्म थरथर होय. त्या पत्र्यांच्या आत काय घडते, ते कसे मोजले जाते, आणि त्या मोजमापाचा शेतकऱ्याच्या व ग्रामपंचायतीच्या वीजखर्चाशी कोणता संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोणाच्याही मीटरवर न येणारा खर्च

रोहित्रात विजेची हानी दोन ठिकाणी होते. तांब्याच्या अथवा ॲल्युमिनियमच्या वेटोळ्यांतून प्रवाह वाहू लागला की ती तापतात. ही भारहानी होय. ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे भार निम्मा झाला की हानी चौथ्या हिश्शावर येते आणि पंप बंद झाले की जवळजवळ नाहीशी होते. दुसरी हानी लोखंडी गाभ्यात होते. तिला निर्भार हानी म्हणतात. तिचा पंप चालू असण्या-नसण्याशी संबंध नाही. वाहिनीत दाब आहे तोवर ती दिवसरात्र चालूच राहते.

जुन्या नमुन्याच्या १०० के.व्ही.ए. रोहित्रात निर्भार हानी २६० वॅट व पूर्ण भारावरील भारहानी १,७६० वॅट धरलेली असे. ६३ के.व्ही.ए. रोहित्रासाठी हेच आकडे १८० व १,२३५ वॅट, आणि २५ के.व्ही.ए. साठी १०० व ६८५ वॅट असे होते. वरवर पाहता निर्भार हानी अगदी किरकोळ वाटते. तथापि हिशेब तासांनी करावयाचा असतो. एखाद्या गावात ६३ के.व्ही.ए. ची दहा रोहित्रे आहेत असे मानल्यास त्यांच्या गाभ्यांत मिळून सतत १,८०० वॅट खर्च होतात. वाहिनी अखंड चालू राहिली तर एका दिवसात ४३.२ युनिट व वर्षाला १५,७६८ युनिट वीज लोखंड तापविण्यात जाते. शेतकऱ्याचा मीटर रोहित्राच्या पुढे बसविलेला असल्यामुळे ही वीज कोणाच्याही मीटरवर दिसत नाही. ती वीज कंपनीच्या खरेदीत दिसते आणि शेवटी सर्वांच्या दरात येते. सबब ‘रोहित्र वापरात नसेल तेव्हा वीज खात नाही’ हा समज बरोबर नाही.

लोखंडातील प्रांत व त्यांचे बांध

ही वीज नेमकी कोठे जाते हे समजण्यासाठी लोखंडाच्या आत डोकवावे लागते. लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक लहानसा चुंबक असतो, आणि शेजारचे अणू एकमेकांस एकाच दिशेला वळवून धरतात. मग लोखंडाचा प्रत्येक खिळा मुळातच चुंबक का नसतो? या प्रश्नाचे उत्तर फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये सुचविले. त्यांच्या मते लोखंडाचा तुकडा अनेक लहान प्रांतांत विभागलेला असतो. प्रत्येक प्रांत पूर्णपणे चुंबकित असतो, परंतु निरनिराळ्या प्रांतांची दिशा निरनिराळी असल्यामुळे त्यांचा परिणाम एकमेकांत जिरून जातो आणि बाहेरून लोखंड चुंबकहीन भासते.

दोन प्रांतांच्या मध्ये जी सीमा असते तिला प्रांतभिंत म्हणता येईल. ती रेषेसारखी तीक्ष्ण नसते. तिच्या जाडीत अणूंची दिशा क्रमाक्रमाने वळत जाते, हे फेलिक्स ब्लॉक यांनी १९३२ मध्ये दाखविले. रोहित्राच्या पोलादात ही जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते, तर प्रांतांची रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक असू शकते.

शेतकऱ्यास हे चित्र बांधाच्या उदाहरणाने चटकन उमगेल. दोन शेतांच्या मध्ये बांध असतो. एका बाजूने बांध कोरला गेला की एकाचे शेत वाढते, दुसऱ्याचे तेवढेच घटते, आणि शिवाराचे एकूण क्षेत्र मात्र तेवढेच राहते. लोखंडाभोवती विजेच्या वेटोळ्याने चुंबकीय क्षेत्र निर्माण केले असता त्या क्षेत्राच्या दिशेस अनुकूल असलेले प्रांत आपले बांध पुढे सरकवितात व प्रतिकूल प्रांत आक्रसतात. अणू आपली जागा सोडीत नाहीत. उभ्या ज्वारीतून वाऱ्याची लाट जाते तेव्हा ताटे जागच्या जागी वाकतात आणि लाट पुढे जाते, तद्वतच येथे भिंत पुढे जाते आणि अणू जागच्या जागी दिशा बदलतात.

आपल्या देशातील विजेची कंप्रता दर सेकंदास ५० आवर्तने एवढी आहे. त्यामुळे गाभ्यातील प्रत्येक भिंत सेकंदास ५० वेळा पुढे जाऊन मागे येते. एका दिवसात अशा ४३,२०,००० फेऱ्या होतात. प्रांताची रुंदी अर्धा मिलिमीटर धरल्यास भिंतीस तेवढे अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात तोडावे लागते, म्हणजे तिचा सरासरी वेग सेकंदास सुमारे ५ सेंटिमीटर पडतो. वेग मुंगीच्या चालीसारखाच, परंतु ही चाल अहोरात्र थांबत नाही.

भिंत हलते हे कसे कळले

वाइस यांची कल्पना बारा वर्षे कल्पनाच राहिली. १९१९ मध्ये जर्मन संशोधक हाइनरिक बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती बारीक तारेचे वेटोळे गुंडाळून ते विवर्धकास व ध्वनिग्राहकास जोडले आणि लोखंडाजवळ चुंबक हळूहळू आणला. चुंबकन सावकाश वाढत असूनही आवाज एकसंध येत नव्हता. पत्र्याच्या डब्यात तुरीचे दाणे ओतावेत तसा तडतड आवाज येत होता. यावरून लोखंडाचे चुंबकन लहान लहान उड्यांनी होते हे प्रथमच कानांनी ऐकता आले.

उड्यांचे कारण असे की, लोखंडात कार्बनचे व इतर अशुद्ध द्रव्यांचे कण, सूक्ष्म पोकळ्या व ताण असलेल्या जागा असतात. नांगराचा फाळ खडकाळ रानात दगडाला अडावा तशी भिंत तेथे अडते आणि जोर पुरेसा झाला की एकदम सुटून पुढच्या अडथळ्यापर्यंत जाते. सुटताना जी ऊर्जा मोकळी होते तिची उष्णता बनते व ती परत मिळत नाही. याचमुळे लोखंडाचे चुंबकन क्षेत्राच्या मागे मागे रेंगाळते. या रेंगाळण्यास मंदायन म्हणतात. १८९२ मध्ये चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी प्रत्येक आवर्तनातील मंदायन-हानी चुंबकनाच्या तीव्रतेच्या सुमारे १.६ व्या घाताच्या प्रमाणात वाढते असा व्यवहारोपयोगी नियम दिला होता. त्यामागील कारण मात्र भिंतींचे ज्ञान झाल्यावरच उलगडले.

१९३१ हे वर्ष या अभ्यासात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी फ्रान्सिस बिटर यांनी चुंबकीय लोहभस्माची अत्यंत बारीक पूड द्रवात मिसळून ती घासून चकचकीत केलेल्या पृष्ठावर सोडली. भिंतींच्या ठिकाणी पूड गोळा होऊन प्रांतांचा नकाशाच सूक्ष्मदर्शकाखाली उमटला. त्याच वर्षी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत सिक्सटस व टाँक्स यांनी भिंतीचा वेग प्रत्यक्ष मोजला. त्यांनी निकेल-लोखंडाची तार ताणून धरली व तिच्यावर ठरावीक अंतराने दोन लहान वेटोळी बसविली. तारेच्या एका टोकाशी उलट दिशेचा प्रांत निर्माण केला की त्याची भिंत तारेतून धावत सुटे. पहिल्या वेटोळ्याखालून जाताना एक विद्युत् स्पंद मिळे व दुसऱ्याखालून जाताना दुसरा. दोन स्पंदांमधील काळाने वेटोळ्यांमधील अंतरास भागले की वेग निघाला. समजा, वेटोळी २० सेंटिमीटर अंतरावर आहेत व स्पंदांत सेकंदाच्या हजाराव्या भागाचे अंतर पडले, तर वेग सेकंदास २०० मीटर होईल. दोन गावांतील थांब्यांवरच्या वेळा पाहून एस.टी. गाडीचा वेग काढण्यासारखीच ही रीत आहे.

या मोजमापातून एक साधा नियम निघाला. क्षेत्राची तीव्रता एका ठरावीक मर्यादेच्या खाली असेतोवर भिंत धावत नाही. मर्यादा ओलांडल्यानंतर जेवढे क्षेत्र अधिक, तेवढ्या प्रमाणात वेग अधिक. १९५० मध्ये विल्यम्स, शॉकली व किटेल यांनी सिलिकॉनयुक्त लोखंडाच्या एकाच स्फटिकातून चौकट कापून तिच्यात एकटी भिंत हलविली, आणि तिला मागे ओढणारा मुख्य अडसर म्हणजे तिच्या भोवती निर्माण होणारे विद्युत् प्रवाह होत, असे सिद्ध केले.

हिशेबातील तूट

चुंबकन बदलले की लोखंडात भोवऱ्याप्रमाणे फिरणारे विद्युत् प्रवाह उत्पन्न होतात. त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. हे प्रवाह लोखंड तापवितात. यासाठीच रोहित्राचा गाभा अखंड लोखंडाचा न करता पातळ, निरोधक लेप दिलेल्या पत्र्यांच्या थप्पीचा करतात. जुन्या सूत्रानुसार ही हानी पत्र्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जाडी निम्मी केली की हानी चौथा हिस्सा उरते.

परंतु मोजमाप व सूत्र यांचा मेळ बसेना. ०.२७ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात, १.७ टेस्ला एवढ्या चुंबकनास, सूत्राप्रमाणे आवर्त प्रवाहांची हानी किलोमागे सुमारे पाव वॅट निघते. क्षेत्र अतिशय सावकाश उलटसुलट करून केवळ मंदायनाचा वाटा वेगळा मोजता येतो. तोही एकूण हानीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढाच भरतो. प्रत्यक्षात मात्र चांगल्या पत्र्याची एकूण हानी किलोमागे ०.९ ते १ वॅटच्या आसपास येते. म्हणजे हिशेबाच्या वहीत एक मोठी रक्कम अशी होती की जिचे खातेच सापडत नव्हते.

ते खाते १९५८ मध्ये प्राय व बीन या दोघा संशोधकांनी दाखवून दिले. जुन्या सूत्रात लोखंडाचे चुंबकन सर्वत्र एकसारखे बदलते असे गृहीत धरले होते. वास्तविक ते केवळ भिंतीच्या जागी बदलते. दोन भिंतींमधील प्रदेश शांत असतो आणि सारा बदल भिंतीच्या अरुंद पट्टीत एकवटलेला असतो. त्यामुळे आवर्त प्रवाहही भिंतीभोवती दाटतात आणि उष्णता कितीतरी अधिक होते. भिंतींमधील अंतर पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट असेल तर आवर्त प्रवाहांची हानी जुन्या हिशेबाच्या सव्वातीन पटीच्या जवळपास जाते, असे त्यांच्या गणिताने दाखविले.

याचा मथितार्थ खुरपणीच्या उदाहरणाने सांगता येईल. एका रानाची खुरपणी ठरलेल्या वेळात पुरी करावयाची आहे. दोन माणसे असली तर बेताच्या चालीने काम होते. एकच माणूस असेल तर त्यास दुप्पट वेगाने हात चालवावा लागतो. भिंतींच्या बाबतीत उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. दोन भिंती एकपट वेगाने चालल्या तर खर्च दोन, परंतु एकच भिंत दुप्पट वेगाने चालली तर खर्च चार. काम तेवढेच, खर्च मात्र दुप्पट. अर्थात भिंती अधिक असल्या व प्रांत अरुंद असले तर प्रत्येक भिंतीस कमी धावावे लागते आणि वीज वाचते. रोहित्राच्या पोलादाची त्यानंतरची बरीचशी सुधारणा याच एका गोष्टीवर आधारलेली आहे.

प्रकाशाच्या साह्याने मोजमाप

पुडीची रीत स्थिर भिंतीसाठी उपयुक्त असली तरी वेगाने हलणारी भिंत तिने दिसत नाही. त्यासाठी जॉन कर यांनी १८७७ मध्ये शोधलेला परिणाम कामी येतो. चुंबकित पृष्ठावरून ध्रुवित प्रकाश परावर्तित झाला असता त्याच्या कंपनाची पातळी किंचित फिरते. ती कोणत्या बाजूस फिरेल हे चुंबकनाच्या दिशेवर अवलंबून असते. हे फिरणे अंशाच्या अल्पशा भागाएवढेच असते, परंतु ध्रुवक योग्य कोनात ठेवल्यास एक प्रांत उजळ व शेजारचा काळसर दिसतो. शीघ्र छायाचित्रणाची जोड दिल्यावर चालत्या भिंती पाहता येतात. अशा निरीक्षणांतून असे दिसून आले की, कंप्रता वाढविली असता पत्र्यातील भिंतींची संख्याही वाढते.

अतिपातळ थरांतील भिंतींसाठी हीच रीत थोड्या वेगळ्या प्रकारे वापरतात. प्रथम थरात एक लहान प्रांत निर्माण करून त्याचे चित्र घेतात. नंतर ठरावीक काळ टिकणारा चुंबकीय क्षेत्राचा एक झटका देतात व पुन्हा चित्र घेतात. दोन चित्रांवरून भिंत किती सरकली ते मोजून झटक्याच्या काळाने भागले की वेग मिळतो. झटक्याची तीव्रता बदलून हाच प्रयोग पुनःपुन्हा केला असता वेग व क्षेत्र यांचा आलेख तयार होतो.

१९९८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी प्लॅटिनमच्या दोन थरांमध्ये ठेवलेल्या, केवळ अर्धा नॅनोमीटर म्हणजे दोन-तीन अणूंच्या जाडीच्या कोबाल्टच्या थरावर असे मोजमाप प्रसिद्ध केले. त्यावरून असे दिसले की, मर्यादेपेक्षा बरेच कमी क्षेत्र असतानाही भिंत पूर्ण थांबत नाही. उष्णतेमुळे होणाऱ्या अणूंच्या हालचालीच्या साह्याने ती एकेक अडथळा ओलांडीत रेंगाळत पुढे सरकते. या अवस्थेत क्षेत्र थोडेसे वाढविले तरी वेग कित्येक पटींनी वाढतो. इतक्या पातळ थरात आवर्त प्रवाहांस वावच नसतो, त्यामुळे भिंतीचा अडथळ्यांशी चाललेला झगडा स्वच्छपणे पाहता येतो. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात अशाच पातळ थरांतील बुडबुड्यासारख्या प्रांतांत माहिती साठविणारी यंत्रे तयार झाली होती. २००८ मध्ये स्टुअर्ट पार्किन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारीक तारेतील भिंती विद्युत् प्रवाहाने ढकलून माहिती साठविण्याची योजना मांडली. खांबावरील रोहित्र व संगणकाची स्मृती ही दोन टोके दिसत असली तरी दोहोंचा प्रश्न एकच आहे, तो म्हणजे भिंत कशाने अडते व कशाने सुटते हा.

पत्र्यात झालेल्या सुधारणा

वरील ज्ञानाचा उपयोग पत्र्यात कसा झाला ते क्रमाने पाहू. पहिली सुधारणा लोखंडात सुमारे ३ टक्के सिलिकॉन मिसळण्याची. त्यायोगे विद्युत् रोध शुद्ध लोखंडाच्या चार-पाच पट होतो व आवर्त प्रवाह घटतात. दुसरी सुधारणा नॉर्मन गॉस यांची. १९३४ च्या त्यांच्या पेटंटातील पद्धतीने लाटलेल्या व तापविलेल्या पत्र्यातील स्फटिककण एकाच दिशेने मांडले जातात. त्यामुळे लाटणीच्या दिशेत भिंती सुलभपणे सरकतात. तिसरी सुधारणा पृष्ठावरील काचेसारख्या लेपाची. हा लेप पत्र्यांस एकमेकांपासून विद्युत् दृष्ट्या अलग तर ठेवतोच, शिवाय पत्र्यास ताणून धरतो. त्या ताणाने प्रांत अरुंद होतात. चौथी सुधारणा लेसर किरणांची. लाटणीच्या दिशेस आडव्या, काही मिलिमीटर अंतराच्या बारीक रेघा लेसरने ओढल्या की रुंद प्रांत आपोआप विभागले जातात. भिंतींची संख्या वाढते व हानी आणखी दहाएक टक्क्यांनी कमी होते.

पाचवी वाट निराळ्याच द्रव्याची आहे. लोखंड व बोरॉन यांचा वितळलेला रस वेगाने फिरणाऱ्या थंड चाकावर सोडला तर तो सेकंदास सुमारे दहा लाख अंश या गतीने निवतो. स्फटिक बनण्यास अवधीच मिळत नाही आणि सुमारे ०.०२५ मिलिमीटर जाडीची अस्फटिकी फीत तयार होते. स्फटिककणांच्या सीमा नसल्यामुळे भिंतीस अडथळे थोडे, आणि जाडी पोलादी पत्र्याच्या दहाव्या हिश्शाएवढी असल्यामुळे आवर्त प्रवाहही थोडे. अशा गाभ्याच्या रोहित्रात निर्भार हानी साधारणतः ६० ते ७० टक्क्यांनी कमी होते. ज्या रोहित्रावर दिवसातील बराच काळ भार नसतो त्यासाठी हा गाभा विशेष लाभदायक आहे. मात्र तो आकाराने मोठा, किमतीने अधिक व हाताळण्यास ठिसूळ असतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

स्फटिककण दिशेने मांडलेले हे पोलाद भारतात दीर्घकाळ केवळ नाशिक येथील कारखान्यात तयार होत असे, आणि देशाची बव्हंशी गरज आयातीने भागत असे. हा कारखाना २०२५ मध्ये जे.एस.डब्ल्यू. व जपानची जे.एफ.ई. या कंपन्यांच्या संयुक्त उपक्रमाकडे आला. याच दोन कंपन्यांनी कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातही अशा पोलादाचा कारखाना उभारण्याचे काम हाती घेतले आहे.

पत्र्याची कसोटी आणि दुरुस्तीतील धोका

कारखान्यात प्रत्येक भिंतीवर नजर ठेवणे शक्य नसते. तेथे सर्व भिंतींच्या फेऱ्यांचा एकत्र खर्च मोजतात. त्यासाठी एप्स्टाइन चौकट वापरली जाते. ३ सेंटिमीटर रुंद व सुमारे ३० सेंटिमीटर लांब अशा पट्ट्या चौकोनात रचून त्यांभोवतीच्या वेटोळ्यांतून प्रवाह सोडतात आणि वॅटमापकावर किलोमागे किती वॅट खर्च होतात ते पाहतात. या पत्र्यांसाठी आय.एस. ३०२४ व रोहित्रांसाठी आय.एस. ११८० ही भारतीय मानके आहेत. आय.एस. ११८० च्या २०१४ च्या आवृत्तीत निम्म्या व पूर्ण भारावर एकूण हानी किती असावी याच्या मर्यादा दिल्या आहेत. ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकित पट्टीही वितरण रोहित्रांस २०१० पासून लागू आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या बंगळूर येथील केंद्रीय विद्युत् संशोधन संस्थेत रोहित्रांच्या रीतसर चाचण्या होतात.

तथापि चांगला पत्रा घेऊनही काम संपत नाही. रब्बीच्या हंगामात जादा भार, तेलाची कमतरता, तिन्ही फेजांवरील असमान भार किंवा वीज कोसळणे यांमुळे रोहित्र जळते. जळते ते बहुधा वेटोळे, गाभा जळत नाही. दुरुस्तीत वेटोळे नवे येते व गाभा जुनाच राहतो. वेटोळे बदलण्यासाठी गाभ्याचे पत्रे एकेक करून काढावे लागतात आणि पुन्हा रचावे लागतात. या कामात पत्रा वाकला, हातोडीने ठोकला गेला, त्याचा लेप खरवडला गेला अथवा सांध्यात फट राहिली तर त्याचा परिणाम कायमचा होतो. वाकलेल्या जागी ताण राहतो व भिंती अडतात. लेप गेला की शेजारचे पत्रे विजेच्या दृष्टीने जोडले जाऊन जणू एकच जाड पत्रा बनतात. फटीमुळे चुंबकनासाठी अधिक प्रवाह लागतो. असे रोहित्र दुरुस्तीनंतर दिवे लावते, पंप चालविते, आणि त्यामुळे ते उत्तम झाले असे सर्वांस वाटते. त्याच्या गाभ्यातील हानी मात्र वाढलेली असते आणि पुढील अनेक वर्षे ती प्रत्येक तासाला वसूल होत राहते.

हा दोष डोळ्यांना दिसत नाही, परंतु मोजता येतो. कार्यशाळेत उच्च दाबाची बाजू मोकळी ठेवून कमी दाबाच्या बाजूस नियत दाब दिला व वॅटमापक वाचला की निर्भार हानीचा आकडा मिळतो. हा आकडा मूळ मानकाशी ताडून पाहिला म्हणजे गाभ्याची प्रकृती कळते. ही चाचणी करताना मोकळ्या वाटणाऱ्या बाजूस ११,००० व्होल्टचा दाब निर्माण होत असल्यामुळे ती केवळ प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी कार्यशाळेतच करावयाची असते. ग्रामस्थांनी रोहित्राच्या पेटीस कधीही हात लावू नये.

शाळेसाठी काही प्रयोग

सीमाभागातील शिक्षकांना हा विषय हाताशी असलेल्या वस्तूंनी शिकविता येण्यासारखा आहे. ओढ्यातील कोरड्या वाळूतून कागदात गुंडाळलेला चुंबक फिरविला असता काळे कण त्यास चिकटतात. दख्खनच्या काळ्या पाषाणातील लोहखनिजाचे हे कण होत. बिदरी कामाचे भांडे मात्र चुंबकास दाद देत नाही, कारण ते मुख्यतः जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे असते. धातू म्हणजे चुंबकीय पदार्थ नव्हे, हा मुद्दा विद्यार्थ्यांस येथे स्पष्ट करून सांगता येईल.

दुसरा प्रयोग सुईचा. शिवणाची सुई चुंबकाने एकाच दिशेने वीसेक वेळा घासली की ती चुंबक बनते, कारण अनुकूल प्रांत वाढतात आणि पोलादातील अडथळ्यांमुळे भिंती परत फिरत नाहीत. तीच सुई लाल होईपर्यंत तापवून निवू दिली तर चुंबकत्व जाते.

तिसरा प्रयोग बार्कहाउझेन यांचा. बारीक लेपित तारेचे हजारभर वेढ्यांचे वेटोळे करून ते बॅटरीवर चालणाऱ्या ध्वनिविवर्धकाच्या मायक्रोफोनच्या जागी जोडावे, वेटोळ्यात मऊ लोखंडाची पट्टी ठेवावी आणि चुंबक सावकाश जवळ आणावा. ध्वनिक्षेपकातून तडतड ऐकू येईल. पट्टी काढून तोच प्रयोग केला असता आवाज येत नाही, यावरून आवाज लोखंडाचाच होय हे विद्यार्थ्यांस पटेल. येथे एक खुलासा आवश्यक आहे. कागदावर लोखंडाचा कीस टाकून जी वर्तुळे उमटतात ती चुंबकाच्या बाहेरील क्षेत्राची असतात. लोखंडाच्या आतील प्रांत त्यांत दिसत नाहीत.

उपसंहार

रोहित्राची निवड बहुधा खरेदीच्या किमतीवरून केली जाते. किंमत एकदाच द्यावी लागते, निर्भार हानी मात्र रोहित्राच्या संपूर्ण आयुष्यभर द्यावी लागते. यास्तव नवे रोहित्र घेताना अधिकाऱ्यांनी किमतीबरोबर निर्भार हानीचा आकडा पाहून आयुष्यभराचा खर्च मांडावा. मोडीत निघालेल्या रोहित्रांचे जुने पत्रे पुन्हा कापून वापरले गेले नाहीत, याची खात्री भारतीय मानक चिन्ह व कसोटीपत्रक पाहून करावी. दुरुस्त होऊन आलेल्या प्रत्येक रोहित्राबरोबर निर्भार चाचणीची नोंद असावी आणि ती मागण्याची सवय ग्रामपंचायतींनी लावून घ्यावी. स्वतःच्या खर्चाने रोहित्र बसविणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटांनीही हा एक आकडा विचारल्याशिवाय व्यवहार पुरा करू नये. लोखंडातील भिंतींची फेरी कोणासही थांबविता येणार नाही, कारण तीच रोहित्राचे काम करते. त्या फेरीचा खर्च किती असावा, हे मात्र पत्रा निवडणाऱ्याच्या, रचणाऱ्याच्या आणि मोजून घेणाऱ्याच्या हाती आहे.